अबू ग्रेगरीचा मुलगा

अँब्रोज डाबरेला मुलगा नाही, ही गोष्ट बहारीनच्या आख्ख्या कॉलेजात एकट्या विठ्ठलला माहीत होती. बाकी कॉलेजच्या फाटकापासून प्रिन्सिपलच्या खोलीपर्यंत ज्याला विचाराल तो सांगे, अबू ग्रेगरीचा पोरगा म्हणजे हिरा आहे, हिरा. वसईला वाघोलीत असतो, डावखुरा आहे, हट्टी आहे, अभ्यासात चांगला आणि केळीच्या वाडीत त्याहून चांगला. तो सायकलवरून कुठं पडला आणि कुठला गुडघा फुटला, हेसुद्धा लोकांना पाठ होतं. आणि ग्रेगरीचा तर जन्मच झालेला नव्हता.

आता कुणी म्हणेल, अँब्रोज लबाड. तर तसं नाही. लबाडी करायला जी हुशारी लागते ती देवानं त्याच्या धाकट्या भावाला दिली होती, म्हणून तर वाडी भावाकडे राहिली आणि अँब्रोज टाइपरायटर घेऊन आखातात आला. ग्रेगरीचं सगळं प्रकरण एका शब्दामुळे झालं, आणि तशी चूक आपल्याकडचा माणूसच करू जाणे.

साल असेल त्र्याहत्तर. सरकारी कॉलेज नवं निघालं होतं आणि अँब्रोज तिथं टायपिस्ट म्हणून लागला होता. पहिल्याच सकाळी फाटकावरच्या वलीनं त्याला अडवलं. वली म्हणजे तिथलाच म्हातारा, पांढरी दाढी, मांडीवर रेडिओ, आणि फाटकातून कोण आत गेलं यापेक्षा कोण कुणाचा कोण यात जास्त रस. त्यानं छातीवर हात ठेवून विचारलं, "अबू मनू?"

अँब्रोजला अरबीतले चार शब्द येत होते, त्यांत 'अबू' म्हणजे बाप हा एक. त्याला वाटलं, विचारतोय बापाचं नाव काय. आपल्याकडे दुसरं काय विचारतात? शाळेत, कचेरीत, रेशनच्या रांगेत, माणसाच्या नावाला बाप चिकटलेलाच असतो. तो म्हणाला, "ग्रेगरी."

"माशाल्ला!" वली खूश. "ग्रेगरी वेन?" म्हणजे कुठं आहे?

अँब्रोजनं आकाशाकडे बोट केलं. म्हातारा वारला, दुसरं काय सांगणार? वलीला वाटलं, सगळी देवाची कृपा असं म्हणतोय. त्यानं आणखी खूश होऊन विचारलं, "कम सना?" सना म्हणजे वर्ष, हे अँब्रोजला व्हिसाच्या कागदामुळे माहीत झालेलं. बापाला जाऊन किती वर्षं झाली म्हणतोय वाटतं, असं समजून त्यानं सहा बोटं दाखवली.

झालं. बाप मेल्याला सहा वर्षं, तेवढ्या वयाचा मुलगा त्याच्या पदरात पडला.

कारण तिकडची रीत आपल्या बरोबर उलटी. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. ज्याचा मुलगा अली तो अबू अली, अलीचा बाप. 'अबू मनू' म्हणजे वली विचारत होता, तू कुणाचा बाप? बापाच्या नावानं ओळखला जाणारा माणूस तिथं लेकाच्या नावानं ओळखला जातो. हे अँब्रोजला कळलं ते आठवड्यानं, जेव्हा वलीनं केशरी हलव्याचा पुडा त्याच्या हातात कोंबला आणि कॅन्टीनच्या पोऱ्याकरवी हिंदीत निरोप दिला, "तुम्हारे छोटे ग्रेगरी के लिए."

त्यानं तोंड उघडलं होतं, हे अगदी खरं. पण वली इतका हसत होता, आणि त्या आठवड्यात अँब्रोजशी कामाशिवाय बोललेलं ते एकच माणूस. तोंड मिटलं. संध्याकाळी माहूजमधल्या खोलीत बसून त्यानं तो हलवा एकट्यानं खाल्ला. ग्रेगरीच्या वाटणीचा.

खोलीत दुसरी खाट विठ्ठलची. कुडाळकडचा. कॉलेजची बस चालवायचा. त्याला गोष्ट कळली तेव्हा तो खाटेवर उलटापालटा होऊन हसला.

"मेल्या, लगीन नाय, बायल नाय, नि झील सा वर्षाचो? तुजो तर ख्रिस्मसच झालो रे!"

"सांगतो उद्या त्याला."

"सांग हां. नायतर शाळेत घालूची वेळ येतली."

पण ते उद्या काही उगवलं नाही. रोज सकाळी वली विचारी, "ग्रेगरी शलोन?" म्हणजे कसा आहे. आणि अँब्रोज म्हणे, "जेन, जेन." म्हणजे बरा आहे. हळूहळू नुसत्या 'बरा'वर वलीचं भागेना. मग ग्रेगरीला सर्दी झाली. मग दात पडला. सवयी मात्र अँब्रोज कुठून आणणार? त्यानं बापाच्याच दिल्या. बाप डावखुरा होता, पोर डावखुरं झालं. बाप पानात भेंडी दिसली की ताट सरकवायचा, पोरगाही सरकवू लागला. त्यात एक सोय होती: बापाची आठवण काढली तरी पुन्हा रडायला नको.

लग्नाचं म्हणाल, तर डॉली होती की! वसईतल्याच पापडी गावची, चर्चच्या गायनात पुढच्या रांगेत उभी राहणारी. साखरपुडासुद्धा झाला होता. पण पहिली सुट्टी अॅडमिशनच्या धामधुमीत रद्द झाली आणि दुसरीला आजारी हेडक्लार्कच्या जागी बसावं लागलं. "पुढच्या सुट्टीत नक्की" असं त्यानं लिहिलं तेव्हा डॉलीनं एका दूधवाल्याशी लग्न केलं. लोक म्हणतात ती रडली. लोक असंही म्हणतात की दूधवाल्याकडे फटफटी होती. दोन्ही खरं असेल.

आता कॉलेजातलं त्याचं मुख्य काम सांगायला हवं, कारण ग्रेगरी वाढला तो त्याच्यावर. कॉलेजला वरून हुकूम आला की दर वर्षी येणाऱ्या नव्या मुलांची पाहणी करा. कुठल्या गावची, बाप काय करतो, शिकायला का आली, खर्च कोण करणार. पहिल्या वर्षी कागद वाटले. मुलांनी एकमेकांचं बघून उतरवून काढलं आणि त्या वर्षी सगळ्यांचे बाप 'व्यापारी' निघाले. मग रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या ताहेराबाईंनी ठरवलं, तोंडी विचारायचं.

ताहेरा तिथल्याच रिफा गावची. तेव्हा वयानं लहान, पण ऑफिस तिच्या धाकात. ती म्हणाली, "आमच्यातला कुणी विचारायला बसवला तर तो कुणाचा तरी आतेभाऊ निघणार. बापाची मिळकत आतेभावाला कोण सांगेल? कुणाचाच कुणी नाही असा माणूस पाहिजे." आणि तिनं खोलीभर नजर फिरवली. ती अँब्रोजवर थांबली.

ह्यात अपमान नव्हता. बेट एवढंसं, तिथं परका असणं हीसुद्धा एक लायकी. तर दर सप्टेंबरात अँब्रोज एका खोलीत टाइपरायटर घेऊन बसे, समोर एकेक मूल येई, आणि घरी कुणाला सांगितलं नाही ते त्याला सांगून जाई. तोवर त्याचं अरबीही कामापुरतं झालं होतं.

एक मुलगी म्हणाली, कॉलेजात आले नसते तर चुलतभावाशी लग्न लागलं असतं, आता चार वर्षं तरी मिळाली. एक जण म्हणाला, बापाला वाटतं इंजिनियर व्हावं, मला वाटतं झोपावं. एकाचा आजा मोत्यांसाठी समुद्रात बुडी मारायचा, खर्च कोण करणार म्हटल्यावर तो म्हणाला, "आजा. बहिरा झालाय, पण पैसे त्याच्याकडेच आहेत." सनद गावचा एक पोरगा म्हणाला, आमच्या बागेतल्या विहिरीचं पाणी खारट होत चाललंय, खजुरी वाळतायत, ते का होतं ते शिकायचंय.

अँब्रोजची बोटं थांबली. वाघोलीच्या विहिरीचंही तेच चाललं होतं, भावानं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वलीला बातमी मिळाली की ग्रेगरीला मोठेपणी पाण्याचा इंजिनियर व्हायचं आहे.

असा ग्रेगरी वाढला. दर सप्टेंबरात कुणाचं तरी धाडस त्याला मिळालं, कुणाचा आळस, कुणाचा बहिऱ्या आजावरचा जीव. दोन वर्षांनी एकदा अँब्रोज गावी जाई तेव्हा भाऊ-भावजयीच्या घरात पाहुण्यासारखा ओसरीवर बसे, आणि येताना सुकेळी आणी. आपल्या वसईची ती सुकवलेली केळी, केळीच्याच पानांत बांधलेली. "ग्रेगरीनं बांधली," असं म्हणून ती ताहेराबाईंच्या टेबलावर ठेवी. ताहेराबाई दार लावून खात, कुणाला वाटा देत नसत. ही चहाडी कॅन्टीनची.

शुक्रवारी, तिकडची सुट्टी म्हणून, मनामाच्या चर्चमध्ये मिस्सा असे. तिथं वसईची बरीच मंडळी भेटत, पण अँब्रोज मागच्या बाकावर बसून प्रार्थना संपली की निसटायचा. वसईची माणसं विचारणार, काय रे अँब्रोज, अजून लग्न नाही? त्यांच्यात तो बिनलग्नाचा, कॉलेजात लेकुरवाळा. दोन्हीकडचे एकत्र आले तर सगळंच बोंबललं असतं. म्हणून तो गावच्या माणसांपासून लांब राहिला, आणि कॉलेजच्या माणसांना त्यानं कधी खोलीवर बोलावलं नाही. संध्याकाळी गच्चीत उभा राहून माहूजच्या खिडक्यांमधले दिवे बघायचा. विठ्ठलची रात्रीची पाळी असली की बोलायला कुणी नाही. मग तो मनातल्या मनात उद्याचा ग्रेगरी तयार करायचा.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात ताहेराबाईंनी त्याला बोलावलं. टेबलावर मिठाई.

"अबू ग्रेगरी, बस. पोरगा यंदा बारावी ना?"

"हो… म्हणजे, हो."

"परदेशी स्टाफच्या मुलांसाठी एक जागा मागितली होती. कमिटी देत नव्हती. मी भांडले. मिळाली! फी माफ. सप्टेंबरात त्याला घेऊन ये. व्हिसाचे कागद मी बघते."

अँब्रोजच्या तोंडात मिठाई तशीच राहिली. "इंशाल्ला," तो म्हणाला.

इंशाल्ला हा शब्द फार सोयीचा. देवाची इच्छा असेल तर. जून त्यानं त्यावर काढला. पासपोर्टचा नंबर आणलास का? इंशाल्ला. फोटो? इंशाल्ला. फाटकावर वली हातानं उंची दाखवून विचारी, एवढा झाला असेल ना? मी त्याला विमानतळावर घ्यायला येणार! तिकडे ताहेराबाईंनी वसतिगृहात खिडकीकडची खाट सांगून ठेवलेली.

विठ्ठल म्हणाला, "आता एकच उपाय. मार त्येका."

"काय बोलतोस!"

"अरे, खोटो झील, खोटा मरण. न्यूमोनिया. दोन दिवस तोंड पाड, चार लोक येतले, खलास. नंतर कोण इचारता?"

अँब्रोज त्या रात्री जेवला नाही. बाप मेला तेव्हा तो मुंबईला टायपिंगच्या परीक्षेला बसला होता. घरी पोचला तोवर माती देऊन झाली होती. त्याच नावाच्या माणसाला आता स्वतःच्या तोंडानं मारायचं? पण खरं सांगावं तर बारा वर्षं वाढवलेला लेक एका वाक्यात जाणार. दोन्हीकडून ग्रेगरी जाणारच होता. फक्त एका वाटेनं निदान चार माणसं सांत्वनाला आली असती, आणि खोटं कशाला बोला, तेवढ्याचाही त्याला मोह झाला.

जुलैत एक दिवस तो ठरवून ताहेराबाईंच्या खोलीत गेला. न्यूमोनिया. रस्ताभर शब्द घोकला होता.

ताहेराबाई हसल्या. त्यांनी स्वतःची खुर्ची सोडून टाइपरायटर पुढे ओढला. "बरा आलास. कमिटीला पाहणीचा कागद हवाय, सगळ्या मुलांसारखा. ग्रेगरी इथं नाही, तर तू सांग. आज तू त्या बाजूला, मी ह्या. यल्ला, चल! गाव?"

"वाघोली."

"कॉलेजात का येतोय?"

आणि अँब्रोज बोलायला लागला. न्यूमोनिया कुठल्या कुठं गेला. विहिरीचं पाणी म्हणाला, वाळणाऱ्या केळी म्हणाला. पोरगा कसा बोलत नाही पण मनात ठेवतो, कसा पहाटे उठून वाडीत जातो, हट्ट धरला की भिंतीला टेकून उभा राहतो पण रडत नाही. इतकं सलग तो बारा वर्षांत कुणाशी बोलला नव्हता. ताहेराबाईंची बोटं धावत होती.

"वडील काय करतात, हे मला माहितेय," त्या हसून म्हणाल्या. "आईचं नाव?"



बघा गंमत. बारा वर्षांत त्यानं ग्रेगरीला दात दिले, सर्दी दिली, सायकल दिली, पण आई द्यायची राहून गेली. कारण वलीनं किंवा तिथल्या कुठल्याच पुरुषानं ते विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या बायकोची चौकशी तिकडे करत नाहीत, असभ्य दिसतं. पुरुषांनी मुलाचं विचारलं, तेवढं त्यानं भरलं. हा प्रश्न फक्त बाईच विचारू शकत होती.

ओठावर डॉली आलं होतं. पण डॉलीला तीन मुलं होती आणि ती त्या दूधवाल्याची होती. तिला ह्यात ओढायचं त्याच्या जिवावर आलं.

"अबू ग्रेगरी? नाव?"

"नाही," तो म्हणाला. "आई नाही."

"अरेरे. कधी…"

"नाही, तशी नाही. आईच नाही. मुलगाही नाही. ग्रेगरी माझ्या बापाचं नाव."

मग त्यानं सांगितलं. फाटक, अबू मनू, आकाशाकडे केलेलं बोट, सहा बोटं. ताहेराबाई आधी हसल्या, म्हणजे हसू फुटलंच त्यांना, आणि मग हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी टाइप केलेला कागद पहिल्या ओळीपासून वाचला.

"माझा भाऊ," त्या शेवटी म्हणाल्या, "त्याचं लग्न झालेलं नाही. त्याला सगळे अबू जासिम म्हणतात. जासिम आमचे वडील. आमच्यात थोरल्याला आजाचं नाव देतात, म्हणून लग्नाआधीच हाक सुरू होते. वलीनं नाव विचारलं, तू बरोबर तेच सांगितलंस. नावात काही खोटं नाही. नाव तुझंच आहे."

अँब्रोज मान खाली घालून होता.

"नाव तुझं आहे," त्या पुन्हा म्हणाल्या. "पण मी त्या पोरासाठी भांडले, अँब्रोज. खिडकीकडची खाट सांगितली. इतकी वर्षं मी त्याची सुकेळी खाल्ली."

अँब्रोज. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी कागद यंत्रातून काढला, फाडला नाही, चुरगाळला नाही, नुसता खणात ठेवला आणि खण लावला.

एवढ्याशा बेटावर बातमीला किती वेळ लागणार? ताहेराबाईंनी फक्त कमिटीला सांगितलं. कमिटीतल्या एकानं फक्त बायकोला. दुपारच्या चहापर्यंत कॅन्टीनला कळलं, आणि कॅन्टीनला कळलं म्हणजे समुद्राला कळलं. विठ्ठल धास्तावला होता, लोक आता ह्याची रेवडी उडवतील म्हणून. पण कुणी अक्षर काढलं नाही. उलट सगळे जास्तच मायेनं वागायला लागले. पुढे होऊन दार उघडून धरत. हाक मारत, तीही जुनीच, अबू ग्रेगरी. ताहेराबाईंचं म्हणणं वलीनंही मान्य केलं होतं म्हणे: नाव बरोबर आहे, नाव बदलायचं कारण नाही.

सकाळी तो फाटकाशी आला की वली छातीवर हात ठेवी. "सबाह अल-खैर, अबू ग्रेगरी."

"सबाह अन-नूर."

आणि पुढे काही नाही. वली रेडिओचा कान पिळत बसे. अँब्रोज क्षणभर थांबे, सवयीनं, आणि मग आत जाई. रात्री खाटेवर पडल्यावर उद्या काय सांगायचं हे डोक्यात येऊ लागे, आणि मग आठवे की आता कुणी विचारणार नाही. विठ्ठलला एकदा तो म्हणाला, "मारलं असतं तर बरं झालं असतं रे. निदान कुणी दुखवट्याला आलं असतं."

विठ्ठलनं उठून दोघांसाठी चहा टाकला. चहा पिताना म्हणाला, "डावखुरो होतो ना रे?"

"बाप होता," अँब्रोज म्हणाला.

सप्टेंबर उगवला. पाहणीची खोली उघडली. त्या वर्षीची मुलं जरा जास्तच बोलकी होती, निम्म्यांना कॉम्प्युटर शिकायचा होता आणि तो काय असतो ते एकालाही सांगता येईना. तिसऱ्या दिवशी एक मुलगी आत आली. नीला. बाप बँकेत, घर माहूजमध्येच, त्याच्या दोन गल्ल्या पलीकडे.

नाव वाचून अँब्रोजनं मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"सातारा. पण मी तिकडे फक्त हॉलिडेला गेलेय. अंकल, मला मराठी कळतं, पण इंग्लिशमध्ये आन्सर केलं तर चालेल?"

"चालेल."

"ह्या कॉलेजात का आलात?" त्यानं पाहणीचा प्रश्न विचारला.

ती हसली. इंग्रजीत म्हणाली, "खरं सांगू? एक जागा रिकामी झाली म्हणून. स्टाफच्या कुणाचा तरी मुलगा येणार होता, तो आला नाही. पप्पांना मागच्या आठवड्यात फोन आला. नाहीतर मी पुण्याला मावशीकडे गेले असते." मग टेबलावर पुढे झुकून तिनं विचारलं, "अंकल, तुम्ही इथलेच ना? कोण होता तो?"

अँब्रोजनं तिचं उत्तर टाइप केलं. जागा रिकामी झाली म्हणून. एकही चूक न करता.

"होता एक," तो म्हणाला.

"हुशार होता?"

खिडकीबाहेर विठ्ठलची बस आवारात वळण घेत होती.

"बरा होता," तो म्हणाला, आणि टाइपरायटरचा गाडा ओढून पुढच्या ओळीवर आला. "हं. वडील बँकेत म्हणालात. कुठल्या?"